डुगडुगता शेर

झेरॉक्सच्या दुकानात, काउंटरखाली तो असायचा,
पितळी शेर. पिना, रबरं, मोडकी पेनं पोटात घेऊन.
सपाट फळीवर ठेवला तरी सपाट बसायचा नाही.
लहानपणी सुदेश आणि मी त्याला ओट्यावर गरगर फिरवायचो,
शिक्का ज्याच्याकडे तोंड करून थांबेल
त्याने बंदरावरून बर्फ आणायचा.
आम्हांला वाटायचं, फिरवायलाच केलाय.

मागच्या महिन्यात कोल्हापूरचे मुजावर आले
जुनं पितळ बघत जैतापूरभर.
पिशवीत भिंग, लोहचुंबक, चिंचेचा गोळा.
पिना ओतल्या वर्तमानपत्रावर.
चुंबक लावला, तो घसरला.
चिंचेने बोटभर जागा घासली
आणि दिव्याखाली कितीतरी वेळ बघत राहिले,
डॉक्टर एक्स-रे बघतात तसे.
"चार हजार देतो, ताई.
जोडी असती तर बारा."

शेराची कसली जोडी?

"बूड बघा," म्हणाले, "आतून ठोकलंय."
पुढे काही बोलले नाहीत. सभ्य माणूस.
चहा संपवला, नाट्याची एसटी पकडली.

रात्री गुरवांकडून देवळातला शेर मागून आणला.
देवाचं माप तरी खरं असेल.
काठोकाठ तांदूळ भरला, तळहाताने सारखा केला,
आमच्यात ओतला.

आमचा भरला नाही.
एक मूठ घातली. अजून एक मूठ.
मग चिमटीने, दागिन्याला लाख भरावी तसे
सात-आठ दाणे.
तेव्हा कुठे काठाला लागला.

दोन मुठी.
माझे पणजोबा धोंडशेट खडपे
रात्री दुकानाची फळी लावून, आत हातोडी घेऊन बसले असतील.
आवाज होऊ नये म्हणून खाली गोणपाट.
या शेराने ते विकत असतील
तर बंदरावर आमच्याइतकं देणारं घर नव्हतं.
या शेराने ते विकत घेत असतील,
वरच्या गावांतून पडावात भात घेऊन आलेल्या माणसांकडून,
तर आमची माडी दोन मुठींची,
आत्याच्या पाटल्या दोन मुठींच्या,
माझी कॉलेजची फीसुद्धा त्यातलीच.

सुदेश दोह्याहून म्हणाला,
"घे चार हजार आणि मोकळी हो."
मोकळी कशातून, ते त्याने विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.

तुळसुंद्याला हलिमाबी आहेत, नव्वदीच्या आसपास.
सोडे देऊन तांदूळ न्यायला त्यांची आई आमच्याकडे यायची.
शेर मांडीवर घेतला त्यांनी, बुडावरून अंगठा फिरवला,
माझ्याकडे बघून खूप हसल्या. दात नाहीत.
"माप मोठं होतं बाय तुमचं.
आणि वहीपण मोठी होती."
एवढंच.
निघताना कागदात सोडे बांधून दिले,
न मोजता.
मी पैसे काढले तर हातावर चापटी मारली.

आता पिना प्लॅस्टिकच्या डब्यात आहेत.
शेर स्वयंपाकघरात, आणि मी रोज त्यानेच तांदूळ काढते.
आई आणि मी, दोघींना भात जास्तच होतो.
उरलेला मागीलदारी ठेवते,
मांजर खातं, कावळे खातात, एकदा गुरवांची गाय आली होती.
याने काही फिटतं असं मला वाटत नाही.

मे महिन्यात विहीर उपसायला माणसं आली.
तळाशी गाळ गुडघाभर.
त्यातून एक कळशी निघाली, दोन पोहरे,
सुदेशची हरवलेली चप्पल, एकच.
"टाकू का गाळ माडांना?" विचारलं त्यांनी.
म्हटलं, नको. बाजूला ढीग घाला, मी चाळून बघेन.

ढीग वाळून टणक झालाय.
आई दोनदा म्हणाली, पाऊस येईल, वाहून जाईल.
चाळण भिंतीला टेकवून ठेवलीय.
मी दुकान उघडते, बंद करते,
येता-जाता तिच्याकडे बघते.